गिनी-बिसाऊचा मुक्तिलढा : भात, मीठ, कापड आणि बंदुका

जुनादस्त (धागाकर्ता)

आफ्रिकेतल्या वसाहतविरोधी लढ्यांचा विषय निघाला की केनिया, अल्जीरिया आणि दक्षिण आफ्रिका यांवर भरपूर बोललं जातं. पोर्तुगीज गिनी, म्हणजे आजचं गिनी-बिसाऊ, बहुतेक वेळा राहून जातं. साधारण ३६,००० चौरस किलोमीटरचा, महाराष्ट्राच्या आठव्या हिश्शाएवढा देश. १९५० च्या दशकात लोकसंख्या पाच लाखांच्या घरात. तरीही पोर्तुगालच्या आफ्रिकी साम्राज्याचा पहिला चिरा इथेच निखळला. हा लढा कसा चालला, कामं कोणी वाटून घेतली, धान्य कुठून आलं आणि कुठे काय बिघडलं, यावर नेमकं लिहिलं जावं म्हणून हा धागा काढतोय.

आमिल्कार काब्राल हा या लढ्याचा मुख्य माणूस. जन्म १२ सप्टेंबर १९२४, गिनीतल्या बाफाता गावी. आईवडील केप व्हर्दे बेटांचे, म्हणजे अटलांटिकमधल्या दुसऱ्या पोर्तुगीज वसाहतीतले. शाळा बेटांवर झाली. १९४० च्या दशकात तिथे पडलेल्या दुष्काळांत हजारोंनी माणसं भुकेने मेली आणि लिस्बनच्या सरकारने फारसं काही केलं नाही. पुढे लिस्बनला कृषिशास्त्राचं शिक्षण घेऊन १९५२ मध्ये तो सरकारी नोकरीवर गिनीत परतला. बिसाऊजवळच्या पेसुबे इथलं प्रायोगिक शेत त्याच्याकडे होतं. १९५३ मध्ये वसाहतीची शेतीगणना करण्याचं काम आलं. पत्नी मारिया एलेना हीसुद्धा कृषितज्ज्ञ, तिच्यासोबत त्याने ते केलं. कोणत्या जमातीत जमीन कशी वाटली जाते, कोण भात लावतं, भुईमूग कुणावर लादला जातो, खळ्यावर धान्य किती उरतं, याची नोंद गावोगाव फिरून झाली. दहा वर्षांनी लढा कुठून सुरू करायचा हे ठरवताना हीच माहिती त्याच्या हाताशी होती. सरकारने स्वतःच्या खर्चाने ती गोळा करून दिली होती.

काब्रालच्या पीएआयजीसी (गिनी आणि केप व्हर्देच्या स्वातंत्र्याचा आफ्रिकी पक्ष) या पक्षाची अधिकृत स्थापना १९ सप्टेंबर १९५६ ची, बिसाऊमध्ये. काही अभ्यासक आता म्हणतात की पक्ष म्हणून तो १९५९ मध्येच उभा राहिला. सुरुवातीची भिस्त शहरी कामगारांवर होती. ३ ऑगस्ट १९५९ रोजी बिसाऊच्या पिजिगिती धक्क्यावर खलाशी आणि गोदी कामगारांनी पगारवाढीसाठी संप केला. पोलिसांनी गोळ्या घातल्या. पक्षाच्या हिशोबाने ५० च्या आसपास माणसं मेली. दीड महिन्यात बैठक झाली आणि दिशा बदलली : शहरात उघडा संप करायचा नाही, खेड्यात जायचं, नेतृत्वाचा एक भाग शेजारच्या स्वतंत्र गिनीत, कोनाक्रीला हलवायचा आणि सशस्त्र लढ्याची तयारी करायची.

खेड्यात प्रत्यक्ष काय केलं, हे जाणकारांनी लिहावं.

रसदखाते

१९६० पासून कोनाक्रीत पक्षाची शाळा चालली. दोनेक वर्षांत शेकडो तरुण तिथून शिकून खेड्यांत गेले. अभ्यासक्रमाचा मोठा भाग भाषणाचा नव्हता, सरावाचा होता. एकाने गावचा म्हातारा व्हायचं, दुसऱ्याने प्रचारक. प्रचारक 'गावात' शिरला कसा, कपडे कोणते, आधी कुणाला भेटला, नमस्कार त्या जमातीच्या रीतीने केला का, बसायला सांगण्याआधीच बसला का, हे काब्राल स्वतः बघायचा आणि चुकलं की पुन्हा पहिल्यापासून करायला लावायचा.

बोलण्याची सुरुवातही ठरलेली. वसाहतवाद, साम्राज्यवाद हे शब्द काढायचे नाहीत. कर किती भरता? भुईमुगाला काय भाव मिळाला? त्या पैशात कापड किती आलं? रस्त्याच्या वेठीला घरातलं कोण गेलं होतं? त्याला काय मिळालं? उत्तरं म्हाताऱ्याला माहीत असतातच, हिशोबही तोच मांडतो. पक्षाचं नाव यायचं ते दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत. माणूस शक्यतो त्याच जमातीचा, त्याच भागातला पाठवायचा.

या प्रश्नांना जोर का होता ते कळायला व्यापाराची रचना बघावी लागते. वसाहतीचा बहुतांश व्यापार कासा गोव्हेया या कंपनीच्या हातात होता आणि ती पोर्तुगालच्या कूफ या बलाढ्य उद्योगसमूहाची. भुईमूग ठरलेल्या पडेल भावात तीच घ्यायची, कापड-मीठ-साबण चढ्या भावात तीच विकायची. कर रोखीत भरायचा असल्यामुळे शेतकऱ्याला भुईमूग लावण्यावाचून गत्यंतर नसे. कायद्याने ९९ टक्क्यांहून अधिक लोक 'देशी' या वर्गात होते, म्हणजे नागरिक नव्हतेच. त्यांच्यावर वेठ कायदेशीररीत्या लादता यायची. हा वर्ग कागदावर १९६१ मध्ये रद्द झाला.

नवाशिका

सगळ्या जमातींनी सारखाच प्रतिसाद दिला का? की काही आधी आल्या?

रसदखाते

सारखा अजिबात नाही, आणि काब्रालला ते अपेक्षित होतं. दक्षिणेचे आणि मध्य भागातले बालांता आधी आले. त्यांच्यात वंशपरंपरागत राजा किंवा सरदार नाही, निर्णय गावातल्या ज्येष्ठांचे. पोर्तुगीजांनी त्यांच्यावर बाहेरचे मुखिया लादले होते आणि त्याचा राग होता. पूर्वेकडच्या फुला समाजात सरदारांची उतरंड पक्की, हे सरदार पोर्तुगीजांच्या बाजूने कर गोळा करत आणि सरकारकडून मान-पैसा घेत. फुला शेतकऱ्याला सरदाराविरुद्ध उभं करणं फार जड गेलं. शेवटपर्यंत पोर्तुगीजांच्या आफ्रिकी तुकड्यांत फुलांचा भरणा मोठा होता. 'सगळा देश एक होऊन उठला' असं लिहिलेलं दिसलं तर त्यावर विश्वास ठेवू नये.

खाजणबांध

बालांतांचा विषय निघालाच आहे तर त्यांची शेती समजून घेणं भाग आहे. लढणाऱ्यांच्या पोटाला भात तिथूनच मिळत होता.

गिनी-बिसाऊचा किनारा खाड्यांनी फाटलेला आहे. भरतीचं पाणी नद्यांतून फार आतपर्यंत चढतं. बालांता त्या खारफुटीच्या चिखलात भात घेतात, त्या शेताला बोलान्या म्हणतात. कोकण-गोव्याच्या वाचकाला हे सहज कळेल : आपली खाजणं, खारजमिनी, बांध आणि मानशी यांचंच ते भावंड. रीत साधारण अशी :

खारफुटी तोडायची. खाडीच्या बाजूने चिखलाचा मोठा बांध घालायचा, त्याला ओरिक म्हणतात. काम केबिंदेने, म्हणजे लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने, ज्याच्या पात्याच्या कडेला लोखंड बसवलेलं असतं. बांधाखालून पोकळ केलेलं ताडाचं खोड घालायचं. ओहोटीला त्याचं बूच काढलं की आतलं पाणी बाहेर, भरतीला बूच घट्ट. मग थांबायचं. जून ते ऑक्टोबरचा पाऊस मातीतलं मीठ धुतो आणि ते खोडातून बाहेर काढलं जातं. नव्या जमिनीत पीक यायला दोन-तीन पावसाळे, कधी त्याहून जास्त जातात. त्यानंतर दरवर्षी उंच सऱ्या काढायच्या, रोप उंचावरच्या गोड जमिनीत तयार करायचं आणि सरीचा माथा पुरेसा धुतला गेला की ऑगस्ट-सप्टेंबरात लावायचं. थोडं वयस्क रोप मीठ जास्त सोसतं. कापणी डिसेंबर-जानेवारीत.

बिघडतं कुठे? पहिलं, खेकडे. त्यांची बिळं वेळेवर बुजवली नाहीत तर एका मोठ्या उधाणात बांध फुटतो. दुसरं, मनुष्यबळ. ओरिक हे एका घराचं काम नव्हे, गावच्या एका वयाच्या तरुणांची टोळी ते करते. टोळीच लढायला गेली तर बांध बसतो. तिसरं, माती. या चिखलात गंधकाची संयुगं असतात. पाणी काढून ती पूर्ण वाळू दिली तर हवेशी संयोग होऊन आम्ल तयार होतं आणि शेत वर्षानुवर्षं निकामी होतं. म्हणून जाणते शेतकरी उन्हाळ्यात मुद्दाम खारं पाणी आत घेऊन माती ओली ठेवतात, आणि त्याने तणही मरतं.

आता यावर बॉम्ब पडले तर काय होतं? बांधाला एक भगदाड पुरे. उभ्या पिकात खारं पाणी शिरलं की ते वर्ष गेलं, आणि दुरुस्तीनंतर मीठ धुवायला पुन्हा काही पावसाळे. पोर्तुगीज विमानांनी मुक्त भागातल्या, म्हणजे पक्षाच्या ताब्यात आलेल्या प्रदेशातल्या, भातशेतीवर बॉम्ब आणि नापाम टाकले ते याच कारणाने. युद्धाआधी ही वसाहत भात निर्यात करत होती. युद्धाच्या काळात ती आयात करू लागली.

तोफखाना

लष्करी बाजू मांडतो. २३ जानेवारी १९६३ ला दक्षिणेतल्या तीते इथल्या बराकीवर हल्ला झाला, तिथून युद्धाची सुरुवात धरतात. काही महिन्यांतच दक्षिणेचे मोठे पट्टे पोर्तुगीजांच्या हातून गेले. जानेवारी ते मार्च १९६४ मध्ये कोमो बेट परत घेण्यासाठी त्यांनी सुमारे १,२०० माणसं, नौदल आणि विमानं लावली. सत्तर दिवस लढाई चालली. शेवटी बेटावर एक ठाणं बसवून बाकीचं सैन्य निघून गेलं आणि बेट प्रत्यक्षात लढवय्यांकडेच राहिलं.

पीएआयजीसीची रसद कोनाक्री बंदरातून बोकेमार्गे दक्षिण सीमेवर यायची आणि पुढे डोक्यावरून. एक तोफगोळा सीमेपासून लक्ष्यापर्यंत न्यायला माणसं आणि दिवस किती लागतात हे धरूनच हल्ल्याची तारीख ठरे. हत्यारं सुरुवातीला सबमशिनगन, पुढे कलाश्निकोव्ह, खांद्यावरून डागायचे रॉकेट, ८२ आणि १२० मिलिमीटरच्या उखळी तोफा, शेवटी १२२ मिलिमीटरची रॉकेटं. बहुतेक सोव्हिएत गोटातली. क्युबाचे तोफतज्ज्ञ आणि डॉक्टर १९६६ पासून सोबत होते, पण एका वेळी काही डझनच.

पोर्तुगीजांची खरी डोकेदुखी सुरुंग. रस्ता मातीचा, सुरुंग लाकडी पेटीत, म्हणजे धातुशोधकाला सापडायला अवघड. म्हणून ताफ्यापुढे सैनिक टोकदार काठीने जमीन टोचत चालायचे, त्यांच्या मागे वाळूच्या पोत्यांनी भरलेला ट्रक. ताफा माणसाच्या चालीने सरकतो, आणि एवढ्या सावकाश जाणाऱ्या ताफ्यावर दबा धरणं सोपं. पावसाळ्यात तर ठाणी फक्त नदीतून आणि हवेतूनच जिवंत राहात. ६ फेब्रुवारी १९६९ ला मादिना दो बोए सोडून येताना कोरुबाल नदीवर शेशे इथे तराफा उलटला आणि ४७ माणसं बुडाली. त्या वेळी शत्रूने हल्ला केलेला नव्हता.

जुनादस्त

कोमोची लढाई चालू असतानाच, १३ ते १७ फेब्रुवारी १९६४ मध्ये, दक्षिणेतच कासाका इथे पक्षाचं अधिवेशन भरलं. माझ्या मते हा या लढ्यातला सगळ्यात महत्त्वाचा आठवडा.

पहिल्या वर्षात प्रत्येक भागाचा कमांडर आपापला राजा झाला होता. गावकऱ्यांना मारहाण, बायकांवर जबरदस्ती, चेटकीण ठरवून माणसं मारणं असे प्रकार घडले. तक्रारी थेट गावकऱ्यांनी मांडल्या. अधिवेशनात अशा कमांडरांवर खटले चालले, काहींना मृत्युदंड झाला. त्याच बैठकीत तीन गोष्टी ठरल्या. एक, विखुरलेल्या टोळ्यांऐवजी फार्प हे एका आदेशाखालचं सैन्य, त्याखाली स्थानिक मिलिशिया. दोन, सैन्य पक्षाच्या राजकीय यंत्रणेच्या हाताखाली. तीन, मुक्त भागात सरकारचं काम पक्षाने करायचं : शाळा, दवाखाना, न्याय, दुकान.

गावपातळीवर पाच जणांची समिती, निवडून आलेली. त्यात किमान दोन बायका असल्याच पाहिजेत. एकाकडे शेती-उत्पादन, एकाकडे संरक्षण आणि मिलिशिया, एकाकडे आरोग्य-शिक्षण, एकाकडे धान्यपुरवठा आणि येणाऱ्या लढवय्यांची सोय, एकाकडे जन्म-मृत्यू आणि हिशोब. काम वाटून दिल्यामुळे एक माणूस मारला गेला किंवा पळाला तरी गाडा अडत नसे. गावात आधी बायकांना बैठकीत बसायचीही मुभा नव्हती, त्यामुळे दोन जागांच्या नियमाला ज्येष्ठांचा विरोध झाला. पक्षाने नियम सोडला नाही.

रसदखाते

'लोकांचं दुकान' या व्यवस्थेवर थोडं जास्त लिहितो, कारण पुस्तकांत तिला दोन ओळींत गुंडाळतात.

मुक्त झालेल्या भागातून पोर्तुगीज व्यापारी गेला. त्याबरोबर मीठ, कापड, साबण, काडेपेटी, तंबाखू, सुई-दोरा हे सगळं गेलं. ज्या शेतकऱ्याने लढ्याला मुलगा दिला त्याच्या घरात मीठ नाही, ही स्थिती फार दिवस टिकत नाही. तो ठाण्याच्या बाजारात जातो, आणि तिथे त्याची चौकशी होते. म्हणून जंगलात पक्षाची दुकानं निघाली. चलन नाही, सगळा विनिमय. शेतकऱ्याने भात, पामतेल, मध, मेण, कातडी, कोला फळ आणायचं आणि माल न्यायचा. दर मुद्दाम पोर्तुगीज दुकानापेक्षा चांगला ठेवलेला. जमा झालेला भात सैन्याला, बाकीचा माल सीमेपार विक्रीला.

अडचणी उघड होत्या. साठा मोठा केला की विमानाला दिसतो, लहान ठेवला तर माल संपतो. आलेला माल डोक्यावरून, त्यामुळे जड वस्तू मागे पडत, आणि मीठ जडच. मदत म्हणून आलेला माल दात्याच्या सोयीने यायचा, गावाच्या गरजेने नव्हे. १९६९ पासून स्वीडनने पक्षाने दिलेल्या यादीप्रमाणे माल द्यायला सुरुवात केली. पाठ्यपुस्तकंही तिथे छापली गेली. याद्यांत कापड, भांडी, सायकली, साबण अशा वस्तू असत.

लोक कुणाच्या तरी डोक्यातल्या कल्पनांसाठी लढत नाहीत, आपलं जगणं सुधारावं, मुलांचं भलं व्हावं म्हणून लढतात, अशा आशयाची सूचना काब्रालने १९६५ मध्ये कार्यकर्त्यांना दिली होती. खोटं सांगू नका, अडचणी लपवू नका, सोप्या विजयाच्या बढाया मारू नका, हेही त्याच सूचनेत होतं. दुकानाचं महत्त्व त्याला कळलं होतं याचा हा पुरावा आहे.

तोफखाना

रसदखाते, दुकानांचं महत्त्व मान्य. पण शेवटचा निकाल क्षेपणास्त्रांनी लागला हे नाकारता येत नाही. पोर्तुगीजांचं सगळं गणित हवेवर होतं. अल्वेत हेलिकॉप्टरमधून पाच-पाच सैनिक उतरवायचे, वरून २० मिलिमीटर तोफेचं हेलिकॉप्टर, मदतीला फियाट जी-९१ विमानं. जखमी सैनिक लवकरच बिसाऊच्या रुग्णालयात पोचतो, या भरवशावर दूरची ठाणी तग धरून होती. २५ मार्च १९७३ ला खांद्यावरून सोडायच्या सोव्हिएत स्त्रेला क्षेपणास्त्राने पहिलं फियाट पडलं. दोन आठवड्यांत आणखी विमानं गेली. वैमानिक एकतर फार उंचावरून किंवा अगदी झाडांच्या शेंड्याला लागून उडू लागले आणि ठाण्यांना मिळणारी मदत आटली.

मे १९७३ मध्ये परिणाम दिसला. उत्तरेत गिदाज आणि दक्षिणेत गिलेजे एकाच वेळी वेढले. गिलेजेचा पाणवठा ठाण्यापासून काही किलोमीटर दूर. १८ मेला पाण्याच्या वाटेवरच्या तुकडीवर हल्ला झाला आणि ठाणं तहानलं. वर तोफांचा मारा, विमान येत नाही. २२ मेला मेजर कोतिन्यो ए लिमा याने वरिष्ठांचा आदेश नसताना सैनिक आणि शेकडो गावकरी घेऊन पायी गादामायेल गाठलं. त्याला अटक झाली. युद्धात पोर्तुगीजांनी शत्रूच्या दबावाखाली असं ठाणं सोडल्याचं हे गाजलेलं प्रकरण.

जुनादस्त

क्रम बघा ना. १९७३ च्या मार्चआधीच, एप्रिल १९७२ मध्ये, संयुक्त राष्ट्रांचं तिघांचं पथक (इक्वेडोर, स्वीडन, ट्युनिशिया) मुक्त भागात आठवडाभर पायी फिरून आलं होतं. पोर्तुगीजांनी हवाई मारा करूनही त्यांना रोखता आलं नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबर १९७२ मध्ये मुक्त भागात निवडणूक झाली : गावकऱ्यांनी प्रादेशिक परिषदा निवडल्या, परिषदांनी राष्ट्रीय सभेचे ८० सदस्य, पक्षाने ४०, एकूण १२०. क्षेपणास्त्रांनी युद्ध लवकर संपवलं हे खरं. पण ते खांद्यावर घेऊन जंगलात महिनोन् महिने राहू शकणारं सैन्य, त्याला खाऊ घालणारं गाव आणि बातमी न फोडणारी वाट हे आधी नऊ वर्षं तयार झालं होतं.

तोफखाना

क्रम मान्य. तरीही स्त्रेला नसती तर ती नऊ वर्षं पंधरा झाली असती, एवढं मी म्हणेन. १९६८ मध्ये आलेला गव्हर्नर स्पिनोला हा मुरलेला माणूस होता. पक्क्या घरांच्या नव्या वसाहती, शाळा, दवाखाने, जमातवार 'लोकसभा', आफ्रिकी कमांडो : म्हणजे काब्रालच्याच पद्धतीची नक्कल सरकारी पैशाने. बऱ्याच ठिकाणी ती चालतही होती. २२ नोव्हेंबर १९७० ला त्याच्या परवानगीने कोनाक्रीवर समुद्रातून छापा पडला. २६ पोर्तुगीज कैदी सुटले, पण तिथले अध्यक्ष सेकू तुरे यांचं सरकार पडलं नाही, नष्ट करायची होती ती मिग विमानं सापडली नाहीत आणि काब्राल त्या दिवशी शहरातच नव्हता.

मांडवीतीर

गोव्याचा धागा इथे खरोखर जोडलेला आहे, म्हणून लिहिते.

एप्रिल १९६१ मध्ये कासाब्लांका इथे पोर्तुगीज वसाहतींतल्या राष्ट्रवादी संघटनांची संयुक्त परिषद स्थापन झाली. अंगोला, मोझांबिक, गिनी-केप व्हर्दे, साओ टोमे यांच्यासोबत गोव्याचे प्रतिनिधीही तिच्यात होते. मूळ गोव्याचे आकिनो द ब्रागांसा यांचा त्या कामात मोठा वाटा. पुढे ते मोझांबिकमध्ये राहिले आणि १९ ऑक्टोबर १९८६ च्या विमान अपघातात तिथले अध्यक्ष समोरा माशेल यांच्यासोबत गेले. ऑक्टोबर १९६१ मध्ये दिल्लीत पोर्तुगीज वसाहतींवर परिसंवाद झाला, आणि दोनच महिन्यांनी गोवा मुक्त झाला.

याचा गिनीवरचा परिणाम दुसऱ्याच बाजूने झाला. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने गोव्याच्या गव्हर्नर-जनरल वासालो ए सिल्व्हा यांना शरणागती पत्करायची नाही, सैनिक एक तर विजयी नाही तर मृत, असा आदेश पाठवला होता. त्यांनी हजारो माणसांचा जीव वाचवत १९ डिसेंबर १९६१ ला शरणागती दिली. कैदी मायदेशी परतले ते अपमानित होऊन. १९६३ मध्ये वासालो ए सिल्व्हा आणि इतर अधिकाऱ्यांना लष्करातून काढलं. ही गोष्ट प्रत्येक पोर्तुगीज अधिकाऱ्याला पाठ होती : धोरण लिस्बनचं, हार झाली की दोष सैन्याचा.

मे १९७२ मध्ये स्पिनोला सेनेगलचे अध्यक्ष सेंगोर यांना भेटला आणि वाटाघाटींची वाट दिसू लागली. पंतप्रधान कायतानोने ती बंद केली. वाटाघाटीने गिनी सोडण्यापेक्षा सन्मानाने लष्करी पराभव बरा, नाहीतर अंगोला-मोझांबिकलाही तोच न्याय लावावा लागेल, असं त्याचं म्हणणं. गिनीतल्या अधिकाऱ्यांनी यातून काय ओळखलं ते सांगायला नको. ऑगस्ट १९७३ मध्ये बढतीच्या नियमांवरून बिसाऊतल्या कॅप्टन मंडळींच्या बैठका सुरू झाल्या, त्यातून सशस्त्र दलांची चळवळ वाढली आणि २५ एप्रिल १९७४ ला लिस्बनमधली राजवट पडली. त्या उठावाची आखणी करणारा ओतेलो आणि चिलखती गाड्या घेऊन लिस्बनमध्ये शिरलेला साल्गेरो माया, दोघेही गिनीत नोकरी करून आलेले.

नवाशिका

काब्रालची हत्या कोणी केली? पोर्तुगीजांनी?

जुनादस्त

गोळी झाडली ती पक्षाच्याच माणसांनी. २० जानेवारी १९७३ च्या रात्री, कोनाक्रीत, घरासमोर, दुसरी पत्नी आना मारिया समोर असताना. म्होरक्या इनोसेन्सियो कानी, पक्षाच्या नौदलातला. पक्षाचे दुसऱ्या क्रमांकाचे नेते आरिस्तिदेस परेरा यांना बोटीत घालून बिसाऊकडे नेत होते, ती बोट समुद्रातच अडवली गेली. पोर्तुगीज गुप्त पोलिसांनी कटाला किती हात दिला यावर अजून वाद आहे. पण त्यांनी वर्षानुवर्षं वापरलेली फट खरी होती : नेतृत्वात शिकलेले केप व्हर्देचे लोक जास्त, जंगलात मरणारे गिनीचे. 'पोर्तुगीज गेले की हे मालक होणार' हा प्रचार पक्षाच्या आतही मुरला होता.

दहा दिवसांनी, ३० जानेवारीला, अंत्यविधीला निघालेली पक्षाची लढवय्यी तितिना सिला फारिम नदी ओलांडताना दबा धरलेल्या पोर्तुगीज तुकडीच्या गोळीबारात गेली. तो दिवस आता तिथे महिला दिन आहे.

हत्येने लढा थांबेल हा अंदाज साफ चुकला. २४ सप्टेंबर १९७३ ला बोए भागातल्या जंगलात राष्ट्रीय सभा भरली, घटना मंजूर झाली आणि राज्य घोषित झालं. पोर्तुगीज सैन्य अजून देशात असताना २ नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ९३ विरुद्ध ७ मतांनी त्या स्वातंत्र्याचं स्वागत केलं. तटस्थ ३०. विरोधात पोर्तुगाल, दक्षिण आफ्रिका, स्पेन, ब्राझील, ग्रीस, ब्रिटन आणि अमेरिका. पोर्तुगालची मान्यता आली १० सप्टेंबर १९७४ ला.

खाजणबांध

आणि त्यानंतर बांधांचं काय झालं, हेही लिहायला हवं. नवं सरकार बिसाऊत गेलं. कासा गोव्हेयाचा कारभार ताब्यात घेऊन 'लोकांच्या दुकानां'त विलीन केला. नाव जुनंच, काम मात्र उलटं : जंगलातलं दुकान पोर्तुगीजापेक्षा चांगला दर द्यायला धडपडत होतं, आता एकच खरेदीदार उरला आणि तो दर ठरवू लागला. भाताला भाव कमी, बदल्यात घ्यायला दुकानात माल नाही. शेतकऱ्याने भात घरी ठेवला किंवा सीमेपार सेनेगल-गिनीत विकला. पैसा गेला बिसाऊजवळ कुमेरेच्या प्रक्रिया-संकुलात, ज्याची क्षमता देशाच्या उत्पादनापेक्षा मोठी. फुटलेले ओरिक दुरुस्त करायला ना मजूर परत आले, ना मदत. त्यात १९७७ नंतरच्या अवर्षणांनी मीठ धुतलंच गेलं नाही.

मांडवीतीर

पोर्तुगीजांकडून लढलेल्या आफ्रिकी कमांडोंबद्दलही लिहायला हवं. लिस्बनने त्यांना तिथेच सोडलं आणि स्वातंत्र्यानंतर त्यांच्यातल्या अनेकांना गोळ्या घालण्यात आल्या. युद्धाच्या काळात याच पक्षाने १९६८ मध्ये पोर्तुगीज युद्धकैदी रेड क्रॉसमार्फत डाकारला सोडून दिले होते. त्यामुळे ही घटना जास्तच बोचते, आणि ती झाकून या लढ्याचा इतिहास लिहू नये.

रसदखाते

खाजणबांध यांच्या मुद्द्याला जोडून : १४ नोव्हेंबर १९८० ला पंतप्रधान निनो व्हिएराने राष्ट्राध्यक्ष लुईस काब्राल (आमिल्कारचा सावत्र भाऊ) याचं सरकार उलथवलं. त्या वेळी बिसाऊत भाताची टंचाई होती. राग केप व्हर्देच्या लोकांवर निघाला. जानेवारी १९८१ मध्ये बेटांवरच्या शाखेने वेगळा पक्ष काढला आणि दोन देशांच्या एकीची योजना संपली. व्हिएरा हा दक्षिण आघाडीचा नावाजलेला कमांडर, कोमो आणि कासाकाच्या काळातला. समित्या, दुकानं, खटले हे सगळं त्याने जवळून पाहिलेलं. शहरात आल्यावर त्यातलं गावसमितीचं अंग सगळ्यात आधी गळलं, कारण धान्य मागायला आता गावाकडे जावं लागत नव्हतं, जहाजातून येत होतं.